कोपराखालचं ऑपरेशन, सोनोग्राफी आणि हात बधिर करायचे ब्लॉक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मनगटाला प्लेट टाकायचीय, बोटाचा टेंडन शिवायचाय, डायलिसिससाठी फिस्ट्युला (म्हणजे हातातली शीर आणि आर्टरी यांचा जोड) करायचाय, अशा ऑपरेशनला पूर्ण भूल न देता नुसता हात बधिर करता येतो हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण बधिर कुठून करायचा हा प्रश्न राहतोच, कारण मानेतून, कॉलरबोनच्या वरून, खालून, काखेतून, कोपरातून, मनगटातून असे बरेच रस्ते आहेत आणि आम्हा भूलतज्ज्ञांपैकी प्रत्येकाचा एक लाडका असतो. खालचे प्रश्न काही पेशंट-नातेवाईकांचे आहेत, काही नुकतंच शिकायला लागलेल्या रेसिडेंट मुलामुलींचे. दोन्ही मिसळूनच ठेवलेत, ज्याला जे लागेल ते त्याने उचलावं.

ब्लॉक म्हणजे नक्की काय करता?

हाताच्या सगळ्या नसा मानेतून येतात. सी-५ ते टी-१ अशा पाच मुळ्या, त्यांचं पुढे जाळं होतं, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. हे जाळं मानेतून उतरतं, पहिल्या बरगडीवरून जातं, कॉलरबोनच्या खालून काखेत येतं आणि काखेत त्याच्या वेगवेगळ्या नसा होतात. मीडियन अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत तळव्याच्या बाजूने, अल्नर करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट, रेडियल हाताच्या पाठीवर अंगठ्याच्या बाजूला, आणि चौथी मस्क्युलोक्युटेनियस, जिचं नाव पेशंटने कधी ऐकलेलं नसतं पण अंगठ्याच्या बाजूची मनगटापर्यंतची कातडी तिचीच असते. या रस्त्यात कुठेतरी नसांच्या भोवती भुलीचं औषध सोडायचं, की त्याच्या खालचा भाग काही तास बधिर आणि ढिला. औषध नसेच्या आत जात नाही, बाहेरून वेढा पडतो.

मग सोनोग्राफी कशाला? ती तर पोटाची करतात ना?

हे दर दुसऱ्या पेशंटने विचारलेलं असतं, आणि मावशी लोक तर मानेवर जेल लावल्यावर हसायलाच लागतात. सोनोग्राफीत नस दिसते, शेजारची रक्तवाहिनी दिसते, फुप्फुसाचं आवरण दिसतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुईचं टोक आणि औषध पसरताना दिसतं. याच्या आधी काय होतं तर खुणा मोजून सुई घालायची आणि पेशंटला विचारायचं, काका हातात करंट आल्यासारखं झालं का, झालं म्हटलं की तिथे औषध. नंतर नर्व्ह स्टिम्युलेटर आलं, म्हणजे सुईतून बारीक करंट सोडायचा आणि कुठलं बोट उडतं ते बघायचं, ०.५ मिलिॲम्पिअरच्या आसपास हालचाल टिकली की जवळ आलो. ०.२ च्या खालीही बोट उडतंय तर थांबा, सुई नसेत घुसलेली असू शकते. ते मशीन अजूनही कामाचं आहे, मी अजून वापरतो, पण एकटं नाही.

थोडा इतिहास, आवडत असेल तर. १९११ साली जर्मनीत हिर्शेलने काखेतून आणि कुलेनकाम्फने कॉलरबोनच्या वरून, कातडीतून सुई घालून ब्लॉक दिले, आणि कुलेनकाम्फने तो आधी स्वतःवर करून बघितला होता. त्याच्याआधी अमेरिकेत हॉल्स्टेडने तर कातडी कापून, नसा उघड्या करून त्यावर कोकेन वापरलं होतं. १९७८ मधे डॉप्लरच्या आवाजावरून रक्तवाहिनी शोधून ब्लॉक दिल्याचं छापून आलं आणि १९९४ मधे व्हिएन्नाच्या काप्राल आणि मंडळींनी कॉलरबोनच्या वरचा ब्लॉक प्रत्यक्ष सोनोग्राफीखाली दिला. म्हणजे सुई शंभर वर्षांहून जुनी, बघून घालणं मात्र तसं कालपरवाचंच.

मानेतला ब्लॉक हाताला चालतो का?

नाही. इंटरस्केलीन म्हणतात तो खांद्यासाठी. त्यात खालच्या मुळ्या सुटतात, म्हणजे नेमकी करंगळीची बाजू जागी राहते. हाताच्या ऑपरेशनला कोणी तो देत असेल तर एकदा का ते विचारा.

सुप्राक्लॅव्हिक्युलर म्हणजे काय, आणि जिकडे तिकडे तोच का देतात?

कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) ठेवला की सबक्लेव्हियन आर्टरी काळी गोल धडधडताना दिसते, तिच्या खाली पहिली बरगडी पांढरी चकचकीत रेघ, आणि आर्टरीच्या बाहेरच्या अंगाला नसांचा द्राक्षाच्या घडासारखा पुंजका. सगळा प्लेक्सस एका ठिकाणी, फार खोल नाही, बऱ्याचदा दीड-दोन सेंटिमीटरवर. एकदा सुई नीट पोचली की दंडाच्या मध्यापासून बोटांपर्यंत सगळं बधिर, म्हणूनच याला हाताचं स्पायनल असं म्हणतात. पटकन होतो, पटकन लागतो, हात हलवावा लागत नाही. दिवसाला आठ-दहा केसेस करणाऱ्या माणसाला अजून काय पाहिजे.

पण दोन गोष्टी आहेत. पहिली, फुप्फुस अगदी लागून आहे. सोनोग्राफी नव्हती तेव्हा या ब्लॉकमधे न्युमोथोरॅक्सचं, म्हणजे फुप्फुसाला टोचून त्याच्याभोवती हवा साठण्याचं, प्रमाण ०.५ ते ६ टक्क्यांपर्यंत सांगितलं जायचं, म्हणून कितीतरी लोकांनी तो सोडूनच दिला होता. आता खूप कमी झालंय पण शून्य नाही, आणि ते शून्य नसण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं की सुईचं टोक दिसत नसताना हात पुढे गेला. दुसरी गोष्ट म्हणजे फ्रेनिक नर्व्ह, जी श्वासाचा पडदा हलवते. औषध वर सरकलं तर त्या बाजूचा पडदा काही तास झोपतो, आणि हे साधारण अर्ध्या पेशंटमधे कमी-जास्त होतं, औषध कमी वापरलं तर थोडं कमी. धडधाकट माणसाला कळतही नाही. पण चाळीस वर्षं बिडी ओढलेले आजोबा, टीबीने एक फुप्फुस आक्रसलेलं, खूप वजन, दम्याचा पेशंट ज्याची छाती आजच वाजतेय, यांना कळतं आणि चांगलंच कळतं.

अजून एक छोटी कटकट, अल्नर बाजू. घडाच्या वरच्या भागात औषध सोडून सुई काढली तर करंगळी जागी राहते, म्हणून बरगडी आणि आर्टरी यांच्या कोपऱ्यात, ज्याला कॉर्नर पॉकेट म्हणतात, तिथे थोडं औषध द्यावंच लागतं. आणि तोच कोपरा फुप्फुसाच्या सगळ्यात जवळ. बघा, जिथे फायदा तिथेच भीती.

इन्फ्राक्लॅव्हिक्युलर कधी?

कॉलरबोनच्या खाली, खांद्याकडे कोरॅकॉइड नावाचं हाडाचं टोक लागतं त्याच्या आतल्या बाजूला. इथे नसा तीन कॉर्डच्या, म्हणजे जाड दोऱ्यांच्या, रूपात ॲक्झिलरी आर्टरीच्या तिन्ही बाजूंना असतात, वरून पेक्टोरॅलिसचे दोन स्नायू. तीन वेगळ्या कॉर्ड शोधत बसायची गरज नाही, आर्टरीच्या मागे, घड्याळात सहा वाजतात तिथे औषध सोडलं आणि ते इंग्रजी यू अक्षरासारखं दोन्ही बाजूंनी वर चढलं की काम झालं.

चांगलं काय तर हात आहे तिथेच ठेवून देता येतो, मोडलेलं मनगट घेऊन ओरडणाऱ्या माणसाला हात वर करा म्हणायला लागत नाही. रक्त थांबवायला दंडावर बांधतात तो पट्टा सहन होतो, श्वासाच्या पडद्यावर परिणाम क्वचित, आणि नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवायचं तर ती इथे चांगली धरून राहते, स्नायूंमधे रुतलेली असते म्हणून. वाईट काय तर खोल आहे, चार ते सहा सेंटिमीटर, जाड माणसात जास्तच, सुई तिरपी उभी जाते आणि उभी सुई सोनोग्राफीत नीट दिसत नाही. दंड ९० अंश बाहेर काढता आला तर नसा थोड्या वर येतात, पण मग हात न हलवण्याचा फायदा गेला. रक्तवाहिनीला टोचलं तर वरून दाबून धरता येत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेल्या पेशंटमधे म्हणून मी इथे जात नाही. त्याच बाजूला पेसमेकर असेल किंवा कॉलरबोनला प्लेट असेल तरी जागा बदला.

कॉस्टोक्लॅव्हिक्युलर नावाचं काय नवीन आलंय?

२०१५ मधे हाँगकाँगच्या करमाकर यांच्या टीमने मांडलं. कॉलरबोनच्या मध्याच्या लगेच खाली, कॉलरबोन आणि दुसऱ्या बरगडीमधल्या फटीत तिन्ही कॉर्ड आर्टरीच्या एकाच बाजूला जवळजवळ चिकटून असतात, आणि नेहमीच्या इन्फ्राक्लॅव्हिक्युलरपेक्षा कमी खोल. एका जागी औषध, लवकर लागतो. ऐकायला मस्त, आणि जमला की खरंच मस्त आहे, पण फट अरुंद, फुप्फुस परत जवळ आलं, आणि पडद्यावर परिणाम सुप्राक्लॅव्हिक्युलरपेक्षा कमी असला तरी शून्य नाही. रेसिडेंटने पहिला ब्लॉक म्हणून शिकू नये असं माझं मत.

काखेतला ब्लॉक जुना झाला का?

अजिबात नाही, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या मते कोपराखालच्या कामाला हाच पहिला शिकायला पाहिजे आणि हाच सगळ्यात कमी शिकवला जातो.

ॲक्झिलरी ब्लॉकमधे फुप्फुस जवळपास नाही, म्हणजे न्युमोथोरॅक्सचा प्रश्नच नाही. फ्रेनिक नर्व्ह मानेत, तिचाही संबंध नाही. रक्तवाहिनीला लागलंच तर बोटाने पाच मिनिटं दाबून धरा, विषय संपला. दमेकरी, आजोबा, किडनीचे पेशंट, रक्त पातळ करायला क्लोपिडोग्रेल घेणारे, सगळ्यांना चालतो. मग लोक का टाळतात, तर तीन कारणांनी. एक, काख उघडी करायला हात बाहेर काढून कोपरात वाकवावा लागतो, फ्रॅक्चरमधे दुखतं. याला उपाय आहे, आधी शिरेतून दुखणं कमी करायला थोडं फेंटॅनिल द्या, कोणीतरी मनगट धरून आधार द्या, सावकाश हलवा. दोन, नसा एका पुंजक्यात नाहीत. आर्टरीच्या भोवती मीडियन वर-बाहेर, अल्नर आतल्या अंगाला शिरेजवळ, रेडियल मागे, आणि मस्क्युलोक्युटेनियस तर घर सोडून कोराकोब्रॅकियालिस स्नायूत जाऊन बसलेली. म्हणजे सुई तीन-चार वेळा फिरवावी लागते, वेळ थोडा जास्त. तीन, शिरा. प्रोब जोरात दाबला की शिरा चेपतात, दिसतच नाहीत, आणि तुम्ही त्याच्यातच औषध सोडता. दाब सैल करा, शिरा काळ्या गोल उघडतात, त्या मोजा, मग पुन्हा दाबा.

रेडियल सापडत नाही ही सगळ्यांची तक्रार. आर्टरीच्या खाली कॉन्जॉइंट टेंडनची पांढरी रेघ दिसते, लॅटिसिमस डॉर्सीची, त्या रेघेवर आर्टरीच्या मागे औषध सोडा, नस नाही दिसली तरी औषध आपोआप तिला उचलतं. आणि मस्क्युलोक्युटेनियस विसरू नका. मनगटाच्या प्लेटचा काप अंगठ्याच्या बाजूला येतो, ती कातडी तिचीच. ब्लॉक मस्त लागला, बोटं पडली, सर्जनने ब्लेड लावलं आणि पेशंट ओरडला, असं झालं की दहातल्या नऊ वेळा हीच नस राहिलेली असते.

पट्टा बांधतात तो दुखतो म्हणे?

दुखतो. दंडावर टूर्निकेट, म्हणजे हा पट्टा, साधारण २५० मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबापर्यंत फुगवतात म्हणजे रक्त थांबून सर्जनला स्वच्छ दिसतं. दंडाच्या आतल्या बाजूची कातडी टी-२ मुळीची आहे, इंटरकोस्टोब्रेकियल नस, आणि ती ब्रेकियल प्लेक्ससमधे येतच नाही. म्हणून वरचे कुठलेही ब्लॉक दिले तरी ती जागीच राहते. काखेजवळ कातडीखाली पाच मिली औषधाची आडवी रेघ मारून ती बधिर करता येते. पण खरं सांगायचं तर पट्ट्याची तासाभरानंतरची कळ ही मुख्यतः स्नायूंना रक्त न मिळाल्याने येते, कातडीमुळे कमी, त्यामुळे प्लेक्सस नीट बधिर असेल तर बऱ्याच जणांना ही रेघ नसली तरी चालतं. दोन तासाच्या वर पट्टा ठेवायचा नाही हे सर्जनला आठवण करून द्यायचं काम आमचं.

कोपराखाली किंवा मनगटात ब्लॉक दिला तर?

छोट्या कामाला उत्तम. मीडियन कोपर आणि मनगट यांच्या मध्यावर दोन स्नायूंच्या थरांमधे लख्ख दिसते, अल्नर तिच्या आर्टरीच्या शेजारी, पण मनगटाकडे जाताना ही नस आणि आर्टरी चिकटतात म्हणून थोडं वर जिथे त्या वेगळ्या होतात तिथे औषध द्यायचं. रेडियल कोपराच्या वर बाहेरच्या बाजूला. प्रत्येकीला तीन ते पाच मिली पुरतं. तळहातातली जखम, एखादं बोट, कार्पल टनल, यासाठी झकास. मुख्य फायदा असा की बोटं हलवणारे मोठे स्नायू जागे राहतात, मग टेंडन शिवल्यावर पेशंटलाच सांगता येतं, बोट वाकवून दाखव. पण दंडावरचा पट्टा जाग्या माणसाला वीसेक मिनिटांच्या वर सोसत नाही हे लक्षात ठेवा, त्यामुळे लांबलेल्या कामाला हा एकटा पुरत नाही.

मला स्वतःला आवडणारा प्रकार म्हणजे दोन्ही एकत्र. वर काखेत लिग्नोकेनसारखं लवकर उतरणारं औषध, खाली ज्या बाजूला काप आहे त्याच नसेला बुपिव्हाकेन. संध्याकाळी पेशंटला कोपर-खांदा स्वतःचा वाटायला लागतो, दुखणारी जागा मात्र रात्रभर शांत.

बायर ब्लॉक आणि तो वालांट, हे यात कुठे बसतात?

बायर ब्लॉक म्हणजे शिरेतून. ऑगस्ट बायरने १९०८ मधे सांगितलं. हातातलं रक्त वर सारून हात रिकामा करायचा, पट्टा फुगवायचा, शिरेत ०.५ टक्के लिग्नोकेन, साधारण ४० मिली. सोनोग्राफी लागत नाही, पाऊण-एक तासाच्या कामाला ठीक. पट्टा वीस मिनिटांच्या आत सोडायचा नाही आणि यात बुपिव्हाकेन कधीही वापरायचं नाही, त्याने जीव गेलेले आहेत. पट्टा सुटला की बधिरपणा गेला, नंतरच्या दुखण्याला काही उपयोग नाही.

वालांट म्हणजे पट्टाच नाही, जागेवरच लिग्नोकेन आणि ॲड्रिनलिन टोचायचं, पंचवीस-तीस मिनिटं थांबायचं आणि जाग्या माणसाचं ऑपरेशन करायचं. कॅनडाचे हँड सर्जन डोनाल्ड लालोंद यांनी हे जगभर नेलं. बोटात ॲड्रिनलिन दिलं की बोट काळं पडतं असं आम्हाला कॉलेजात घोकून घेतलेलं, ते योग्य प्रमाणात दिलं तर तसं होत नाही हे आता पक्कं झालंय आणि उतारा म्हणून फेंटोलामिन आहे. ट्रिगर फिंगर, कार्पल टनल, टेंडन यासाठी सर्जनला जमत असेल तर आमची गरजच नाही, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही.

औषध कुठलं आणि किती?

हे पेशंटसाठी नाही, ज्युनियरसाठी. ॲड्रिनलिनसकट लिग्नोकेन किलोला ७ मिलिग्रॅम, बुपिव्हाकेन २, रोपिव्हाकेन ३, या वरच्या मर्यादा. आपल्याकडे ५० किलोची बाई रोजची, तिला ०.५ टक्के बुपिव्हाकेन २० मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम, झाली मर्यादा. त्यात अजून २० मिली लॉक्स-ॲड्रिनलिन (म्हणजे ॲड्रिनलिनसकट लिग्नोकेन) ढकलून ४० मिलीचा ब्लॉक देणारे लोक मी बघितलेत. दोन औषधं मिसळली की विषारीपणाची बेरीज होते, प्रत्येकाची वेगळी मर्यादा धरायची नाही. सोनोग्राफीचा खरा फायदा इथेच आहे की २०-२५ मिलीत काम होतं.

लिग्नोकेन दहा-पंधरा मिनिटांत लागतं, तीन ते पाच तास राहतं. बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन लागायला वीस-तीस मिनिटं, पण बरेचदा रात्र काढतं. डेक्सामेथासोन ४ ते ८ मिलिग्रॅम दिलं की अजून काही तास वाढतात, शिरेतून दिलं तरी.

औषध रक्तात गेलं तर?

जिभेला धातूची चव, ओठाभोवती मुंग्या, कानात आवाज, पेशंट एकदम बडबडायला लागतो किंवा एकदम गप्प होतो, मग झटके, मग हृदयाची लय बिघडते. म्हणून आम्ही औषध देताना तुमच्याशी गप्पा मारतो, गाव कुठलं, ऊस किती, मुलगी काय करते. ते नुसतं मन रमवायला नसतं. उपचार म्हणजे ऑक्सिजन, झटके थांबवणं आणि २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध पदार्थाचं दुधाळ द्रावण), किलोला १.५ मिली लगेच आणि पुढे मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली. ती बाटली ओटीत नसेल तर मोठा ब्लॉक देऊ नका. हे मी भांडून सांगतो, फार्मसीतून मागवू वगैरे चालत नाही, तेवढा वेळ नसतो.

ब्लॉकने हात कायमचा लुळा पडतो का?

आमच्याकडे प्रत्येक गावात एक असा माणूस असतो ज्याच्या चुलत्याचा हात इंजेक्शनने गेला. खरं म्हणजे कायमची इजा फार दुर्मिळ, साधारण १०,००० ब्लॉकमागे दोन ते चार. काही दिवस किंवा आठवडे मुंग्या, बधिरपणा राहणं त्यापेक्षा बरंच जास्त दिसतं आणि बहुतेक आपोआप जातं. शिवाय फ्रॅक्चरनेच नस चिमटलेली असते, पट्ट्याने दबलेली असते, प्लास्टरने दबते, ते सगळं बिल ब्लॉकवर फाटतं. म्हणून ब्लॉकच्या आधी बोटांची हालचाल आणि संवेदना तपासून कागदावर लिहून ठेवणं हे पेशंटच्याही भल्याचं आणि आमच्याही.

डायबेटिसवाल्यांनी आधीच पायाला मुंग्या असतील तर सांगा. अशा नसांवर ब्लॉक जास्त वेळ टिकतो आणि इजेचा धोका थोडा वाढतो. बंदी नाही, पण माहीत पाहिजे.

ब्लॉकनंतर पापणी खाली आली, आवाज बसला. घाबरायचं का?

नाही. वरच्या ब्लॉकमधे शेजारच्या नसांवर औषध गेलं की होतं. पापणी उतरते, बाहुली बारीक होते, त्याला हॉर्नर म्हणतात. औषध उतरलं की जातं. मात्र घरी गेल्यावर श्वास घेताना छातीत टोचणं किंवा दम लागणं वाढत गेलं तर लगेच परत या, न्युमोथोरॅक्स कधी कधी काही तासांनी समोर येतो.

मशीनमधे हात गेलाय, कडबाकुट्टीत. ब्लॉक देणार का?

हा प्रश्न आपल्याकडचाच. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाच्या रसाचा चरक, संक्रांतीत नायलॉन मांजा. मांज्याच्या स्वच्छ कापाला ब्लॉक द्यायला हरकत नाही, हात पुन्हा जोडायचा असेल तर ब्लॉकने रक्तवाहिन्या पसरतात म्हणून फायदाच. पण हात चिरडलेला असेल, कोपराखालची दोन्ही हाडं मोडून स्नायू टम्म सुजलेले असतील, तर कम्पार्टमेंट सिंड्रोमची भीती असते. आत दाब वाढून स्नायू मरायला लागतात आणि त्याची पहिली खूण म्हणजे सहन न होणारी कळ. दहा-बारा तास टिकणारा ब्लॉक ती कळ झाकू शकतो. अशा वेळी सर्जनशी बोलून एकतर लवकर उतरणारं औषध, किंवा ब्लॉकच नको, पूर्ण भूल. ब्लॉक दिलाच असेल आणि तरीही आतून कळ येतेय असं पेशंट म्हणाला तर ते खरं माना, ब्लॉक फसला म्हणून दुसरा देऊ नका.

फिस्ट्युलाला ब्लॉक की जागेवर इंजेक्शन?

ब्लॉक, जमेल तिथे. ग्लासगोमधल्या एका ट्रायलमधे, जी २०१६ मधे लॅन्सेटमधे आली, १२६ पेशंटमधे प्लेक्सस ब्लॉक आणि जागेवरची भूल यांची तुलना होती, तीन महिन्यांनी ब्लॉकवाल्यांचे ८४ टक्के फिस्ट्युला चालू होते आणि दुसऱ्यांचे ६२. शिरा पसरतात, आकसत नाहीत, त्याचा हा परिणाम असावा. डायलिसिसवाल्यांना रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन, अशक्त हृदय, छातीत पाणी हे सगळं असतं म्हणून मी काखेतूनच देतो.

दोन्ही हातांना एकदम?

काखेत एका बाजूला, दुसरीकडे कोपराखाली, औषधाची एकूण मर्यादा पाळून, चालतं. दोन्हीकडे सुप्राक्लॅव्हिक्युलर नाही, दोन्ही पडदे झोपले तर श्वास कोण घेणार.

आमच्या गावच्या हॉस्पिटलमधे सोनोग्राफी मशीन आहे, मग भूलतज्ज्ञ ते वापरत का नाहीत? स्वतःचं का आणत नाहीत?

कायदा. गर्भलिंग तपासणी थांबवण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मधे देशात पहिला कायदा केला, मग १९९४ मधे केंद्राचा पीसीपीएनडीटी आला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, भुलीसाठी घेतलेलं असो की आणि कशासाठी. पोर्टेबल मशीन रजिस्टर्ड जागेतच वापरायचं असतं. आपल्याकडे छोट्या शहरात भूलतज्ज्ञ एका गाडीत बॅग टाकून दिवसाला चार हॉस्पिटलं करतो, त्याला मशीन डिकीत घेऊन फिरता येत नाही. कायदा ज्यासाठी आहे ते बघता मी त्याच्या विरोधात नाही, पण परिणाम असा की मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफीवर ब्लॉक शिकलेली मुलं तालुक्याला आली की परत स्टिम्युलेटरवर किंवा पूर्ण भुलीवर येतात. यावर माझं रेसिडेंटना सांगणं एकच, सोनोग्राफी असतानाच काखेतला ब्लॉक इतका पक्का करा की नुसत्या स्टिम्युलेटरवरही सुरक्षित देता येईल. सुप्राक्लॅव्हिक्युलर न बघता देण्याची हिंमत करू नका.

उपाशी राहायचं का, जागंच राहणार आहे तर?

हो. ब्लॉक अपुरा पडला तर पूर्ण भूल द्यावी लागते. हलकं खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. चहा दुधाचा, तो पाण्यात धरत नाहीत, कितीही विनवलं तरी.

लहान मुलाला?

देतो, पण झोपवून. ब्लॉक मुख्यतः नंतरच्या दुखण्यासाठी.

घरी गेल्यावर काय सांभाळायचं?

हात झोळीत. बधिर हात आपला नसल्यासारखा लोंबतो, दाराला आपटतो, झोपेत अंगाखाली येतो, आणि गरम चहाचा कप टेकला तरी कळत नाही, भाजलेलं सकाळी दिसतं. कोपर टणक जागेवर टेकवून ठेवू नका. पूर्ण ताकद येईपर्यंत गाडी चालवायची नाही.

आणि दुखण्याची गोळी ब्लॉक उतरायच्या आधी घ्यायची. हे आम्ही सांगतो आणि लोक नेमकं हेच करत नाहीत, कारण दुखतच नाही तर गोळी कशाला. मग पहाटे तीनला ब्लॉक एकदम उतरतो आणि अशी कळ उठते की फोन येतो. बोटांत मुंग्या यायला लागल्या, बोट थोडं हलायला लागलं, की ती वेळ झाली समजा, आणि झोपायच्या आधी एक डोस पोटात गेलेलाच असू द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हात आला नाही तर मात्र वाट बघत बसू नका, फोन करा.